भाच्याने आणलेलं मढ्यांचं पुस्तक

वाचकाचं पत्र

बाई, सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. वय ४९. लहानपण चांदोबा आणि इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं, पुढे भयकथांचा नाद लागला तो आजतागायत. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. दिवाळीत आला तेव्हा माझी आवड लक्षात ठेवून 'द हॉन्ट ऑफ फिअर' या जुन्या अमेरिकी भयकॉमिक्सचा दुसरा खंड घेऊन आला. चकचकीत आर्टपेपर, पक्कं बाइंडिंग. म्हणाला, "मामा, अस्सल माल हा. बाकीचे सगळे यांच्यावरून शिकले."

एका रविवारी दुपारी जेवून बसलो आणि सलग अकरा गोष्टी वाचल्या. भीती एकदाही वाटली नाही. चौथ्या-पाचव्या गोष्टीपासून शेवट आधीच कळायला लागले. कुणीतरी कुणालातरी मारतो, मेलेला परत येतो, संपलं. शब्द तर इतके की चित्राला जागाच नाही, आणि चित्रात दिसतंय तेच वर चौकटीत लिहिलेलं. बाराव्या गोष्टीला पुस्तक मिटलं. बायको म्हणाली, "पन्नाशी आली, आता मढ्यांची चित्रं बघत बसा." भाचा दर फोनला विचारतो, "मामा, कसं वाटलं?" खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही. पोराने एवढ्या लांबून वजन वाहून आणलंय. मला ते आवडायला हवंय, बाई. माझं चुकतंय कुठे?

आणखी एक. मुलगी सहावीत आहे. तिचा त्या पुस्तकावर डोळा आहे. देऊ का?

— प., सातारा

उत्तर

प्रिय प.,

रविवारी दुपारी, जेवून, सलग अकरा. घोळ इथेच झालाय.

तुमच्या खंडात सहा अंक आहेत, ७ ते १२. अंकाला चार गोष्टी, म्हणजे सगळ्या मिळून चोवीस. हा अंक दोन महिन्यांतून एकदा यायचा, किंमत दहा सेंट. १९५१च्या मे-जूनपासून १९५२च्या मार्च-एप्रिलपर्यंतचा हा सगळा ऐवज. एखाद्या पोराने खिशातली नाणी मोजत वर्षभर पुरवून पुरवून जे वाचलं, त्यातलं जवळपास सहा महिन्यांचं तुम्ही एका दुपारी संपवलंत, तेही भरल्या पोटी. चकलीचा डबा एका बैठकीत रिकामा केल्यावर अकराव्या चकलीला काय चव लागणार? वर म्हणायचं, भाजणीच बिघडली.

(अंकाच्या मध्ये दोन पानं नुसत्या मजकुराची असतात, बघितलीत? पोस्टाचा सवलतीचा दर मिळण्यासाठी तेवढा मजकूर लागायचा म्हणून ती घालत. ती दोन पानंही तुम्ही इमानदारीत वाचली असतील तर दंडवत.)

तेव्हा पहिलं पथ्य: आठवड्याला एक गोष्ट. छापखाना बंद करून घरी आलात, जेवणं झाली, घरातली निजानीज झाली की एक वाचायची आणि पुस्तक मिटायचं. दुसरी कितीही खुणावली तरी नाही.

आता भीतीचं. तुम्हाला भीती वाटली नाही, ते बरोबरच आहे. मलाही वाटली नव्हती आणि माझीही सुरुवातीला निराशा झाली होती. ऐंशीच्या दशकात मी मुंबईत चित्रकला शिकत होते, तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर 'क्रीपी' या मासिकाचा एक काळा-पांढरा अंक मिळाला. मासिक नंतरचं, १९६४ साली सुरू झालेलं, पण त्यातले काही हात तेच, तुमच्या खंडातले. मी तो अंक वसतिगृहात दिवा बारीक करून वाचला, उगीच अंगावर शहारा यायची वाट बघत. शहारा आला नाही. मैत्रिणीला म्हटलं, फसले. ती वाचायला घेऊन गेली आणि थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतून तिच्या हसण्याचा आवाज आला. खदाखदा हसत होती.

तिला आधी कळलं. मला कळायला आजोळ आठवावं लागलं.

माझं आजोळ कुडाळच्या बाजूचं. जत्रेत रात्री दशावतार. सुरुवातीला संकासुर यायचा, काळाकुट्ट, लाल जीभ बाहेर लोंबणारी. आम्ही पोरं आजीच्या पदराआड. पण तो तोंड उघडायचा ते मालवणीत, आणि असलं काही बोलायचा की पदरातल्या पदरात आमची हसून मुरकुंडी वळायची. शेवटी विष्णू येऊन त्याला मारणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दर वर्षी तोच संकासुर, दर वर्षी तेच मरण. "शेवट आधीच कळला" अशी तक्रार करत कुणी घरी गेलेलं मी पाहिलं नाही. मरायच्या आधी तो काय काय बोलतो, कसा नाचतो, यंदाचा संकासुर गेल्या वर्षीपेक्षा बरा की वाईट, यावर दुसऱ्या दिवशी न्याहारीला चर्चा.

तुमच्या खंडातली ती म्हातारी चेटकीण आठवा, गोष्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी येऊन दात विचकते ती. प्रकाशकाची अशी तीन मासिकं होती आणि तीन सूत्रधार: तळघराचा राखणदार, तिजोरीचा राखणदार आणि ही म्हातारी. तिघं एकमेकांची टर उडवतात आणि मढ्यांवर कोट्या करतात. ज्याला तुम्हाला खरंच घाबरवायचंय तो आधी आणि नंतर असा पाचकळ विनोद करेल का? चांदोबातला वेताळही विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टच सांगायचा. तो शेवटी न्यायाचं कोडं घालायचा, उत्तर राजाने द्यायचं. ही म्हातारी कोडं घालत नाही, तिचा निकाल आधीच लागलेला असतो. ज्याने जसं केलं तसं त्याचं होतं, आणि शक्यतो त्याच हत्याराने. या गोष्टींची गंमत भीतीत नाही. हिशेब चुकता होताना बघण्यात आहे. पैसे खाल्लेला, बायकोला छळलेला, गरिबाला नाडलेला माणूस सहा-सात पानं मजेत जगतो आणि शेवटच्या पानावर वसुलीला मढं येतं. कोर्टात तारखा पडतात, इथे पडत नाहीत. छापखान्याची उधारी वसूल करायला जाताना तुमच्या मनात काय काय येतं ते मला सांगू नका, पण या गोष्टी त्या जागेवरून वाचा.

मी सगळ्याच गोष्टींची वकिली करत नाही. तुमच्या चोवीसांतल्या सात-आठ माझ्या मते चांगल्या, बाकीच्या भरताड. तेही स्वाभाविक आहे. या मासिकांचा मालक बिल गेन्स रात्र रात्र जागून इकडचं तिकडचं वाचायचा आणि सकाळी कल्पनांचे कपटे घेऊन संपादक अल फेल्डस्टीनसमोर बसायचा. दोघांत एक कल्पना ठरली की फेल्डस्टीन ती त्याच दिवशी लिहून काढायचा. जवळजवळ रोज एक गोष्ट. गेन्सला खरं तर रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायचं होतं. १९४७ साली बाप बोटीच्या अपघातात गेला आणि बायबलच्या चित्रकथा छापणारी, कर्जात बुडालेली कंपनी पंचविशीतल्या या पोराच्या गळ्यात पडली. १९५०मध्ये त्याने भुतांचा धंदा काढला.

शब्द जास्त आहेत ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. त्याचं कारण तुम्हाला धंद्यामुळे लगेच कळेल. आपल्याला वाटतं आधी चित्र, मग मजकूर. इथे उलटं होतं. फेल्डस्टीन सरळ चित्राच्या पुठ्ठ्यावरच चौकटी आखून मजकूर लिहायचा. मग तो मजकूर लेरॉय नावाच्या साधनाने, म्हणजे ड्राफ्ट्समन लोक नकाशावर अक्षरं काढायला वापरायचे त्या पट्टी-साच्याने, पक्का व्हायचा. आणि मग तो पुठ्ठा चित्रकाराच्या हातात. वरची निम्मी जागा आधीच गेलेली, उरल्या जागेत काय करायचं ते कर. अक्षरं इतकी कोरडी, एकसारखी दिसतात ती त्या साच्यामुळे. ले-आउट आधी गिऱ्हाइकाने ठरवलेला आणि फोटो नंतर पाठवलेला, अशी पत्रिका तुम्ही कधी छापली नाहीत का?

म्हणून दुसरं पथ्य. गोष्ट दोनदा वाचा. पहिल्या खेपेला वरच्या चौकटींकडे ढुंकून बघू नका. नुसती चित्रं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सिनेमा म्यूट करून बघावा तशी. बघा किती कळतं. मग मागे येऊन शब्द वाचा, आणि जमलं तर मोठ्याने, कीर्तनकाराच्या थाटात. ते शब्द मनात वाचायचे नाहीतच. एकाच विशेषणाचे तीन-तीन भाऊबंद रांगेत, ठळक अक्षरं, उद्गारचिन्हांचा पाऊस. मनात वाचलं तर कटकट, मोठ्याने वाचलं तर ताशा.

रंगांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण छापखानेवाल्याला ते कुठेतरी खटकलं असणार, आणि मला वाटतं अर्धा रसभंग तिथेच आहे. मूळ अंक न्यूजप्रिंटवर. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. पहिल्या तीन रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्या २५, ५० आणि १०० टक्के, मधलं काही नाही. म्हणजे बेरीज-वजाबाकी करून जेमतेम ६४ रंग, तेही जागोजागी रजिस्टर हललेले, म्हणजे एकावर एक नीट न बसलेले. एवढ्या तुटपुंज्या सामानात मारी सेव्हरिन नावाची तरुण मुलगी रंग ठरवायची. आख्खं प्रेत निळं, मागे सपाट पिवळा, संपला विषय. आणि ते बेमालूम चालायचं, कारण कागद शाई पिऊन सगळं जरा मळकट करायचा. तुमच्या खंडात रंग संगणकावर नव्याने चढवलेले आहेत. गालावर गुळगुळीत छटा, आर्टपेपरवर चकाकी. मढं ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखं दिसतं. तुमचा दोष नाही. घरातला पांढरा एलईडी विझवून एखादा पिवळा दिवा लावून बघा, थोडा फरक पडतो. हसू नका, मी करून बघितलंय.

आता हातांबद्दल बोलू. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, वहीवर नाव नसलं तरी नुसत्या रेघेवरून पोरगं ओळखायचे. या कॉमिक्सची खरी चटक लागते ती हात ओळखता यायला लागल्यावर.

जॅक डेव्हिस सगळ्यात सोपा. बूट मोठे, गुडघे वाकडे, माणसं घामाने निथळणारी, रेघ खरडल्यासारखी घाईची. तो पुढे विनोदी चित्रांसाठी नावाजला यात नवल नाही, भुतं काढतानाही त्याचा हात हसत असायचा. जॉनी क्रेग याच्या नेमका उलट. इस्त्रीचे कपडे, स्वच्छ खोल्या, नीट विंचरलेले केस, आणि त्या स्वच्छ खोलीत कुऱ्हाड. गोष्टीही स्वतःच लिहायचा. मला सगळ्यात अस्वस्थ तो करतो. जॅक केमनची माणसं कॅलेंडरवरच्या जोडप्यांसारखी गोडगोड, तो आला की मी पान उलटते.

आणि ग्रॅहॅम इंगल्स. हा 'घॅस्टली' अशी सही करायचा, आपल्याकडे एखाद्याने चित्राखाली 'भेसूर' म्हणून सही ठोकावी तसं. म्हातारी चेटकीण त्याचीच. त्याची बोटं बघा. सरळ बोट या माणसाने कधी काढलं नसावं. प्रत्येक पेर वेगळ्या दिशेला वळलेलं, नख जुन्या कौलासारखं. ओठ उघडले की वरच्या आणि खालच्या दातांमध्ये लाळेची तार, आणि ती तारही ब्रशने एका दमात ओढलेली, कुठे जाड कुठे बारीक. मी वर्गात मुलांना ब्रशचा दाब शिकवताना हा माणूस दाखवायचे (त्याचं चित्र दाखवायचे नाही, नोकरी होती, नक्कल करून दाखवायचे). हा पुढे फ्लोरिडात जाऊन लोकांना तैलचित्रं शिकवत राहिला आणि या जुन्या कामाबद्दल वर्षानुवर्षं कुणाशी चकार शब्द बोलला नाही. चित्रकलेचे मास्तर असेच, काही ना काही लपवून बसलेले.

या इंगल्सची एक गोष्ट तुमच्या खंडाच्या शेवटच्या अंकात, १२व्यात, आहे. म्हणजे तुम्ही थांबलात तिथून बरीच पुढे. नाव 'पोएटिक जस्टिस'. शेवट आत्ताच सांगून टाकते, कारण शेवट कळल्याने काही बिघडत नाही हे माझं म्हणणंच आहे, तर त्याची परीक्षाही होऊन जाऊ दे. वस्तीत एकटा राहणारा एक गरीब म्हातारा. कुत्री पाळतो. शेजारच्या श्रीमंत बाप-लेकाला तो नजरेसमोर नकोय. ते त्याच्या आयुष्यातली एक एक गोष्ट काढून घेतात. कुत्री जातात. पोरांचं येणं-जाणं तुटतं. नोकरी जाते. म्हातारा तरी हलत नाही. मग व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याला पोस्टाने कार्डांचा गठ्ठा येतो. कुणीतरी आपल्याला आठवलं म्हणून तो हरखतो आणि एकेक उघडतो. प्रत्येकात यमक जुळवलेली शिवी. तू मर, तू नकोस, कवितेत. म्हातारा जीव देतो. वर्षाने, त्याच तारखेला, तो परत येतो. दुसऱ्या दिवशी सापडतं ते एक यमकात लिहिलेलं कार्ड, आणि त्यासोबत ते कार्ड ज्याच्यासाठी होतं त्याचं काळीज.

एवढं सांगूनही वाचा. शेवटच्या चित्रासाठी वाचू नका, तिथे जे आहे ते आहे. कार्डं उघडायच्या जागी थांबा. आधीच्या पानांवरचा छळ आणि नंतरचं मढं यांच्यामध्ये ही जागा आहे, एक म्हातारा आणि पोस्टाने आलेली पाकिटं. मढ्याने कुणाला रडवल्याचं मी ऐकलं नाही, पण या पाकिटांनी मला रडवलंय. आणि मग शेवटी ते काळीज आलं की रडता रडता हसू फुटतं, कारण यमक जुळलेलं असतं. संकासुराच्या जागेवर आलात असं समजा.

तुम्ही याच वाटेने पुढे गेलात तर एके दिवशी अशा गोष्टीपाशी याल जिथे हसू येत नाही. बर्नार्ड क्रिगस्टीन याची 'मास्टर रेस', याच प्रकाशकाच्या 'इम्पॅक्ट' मासिकाचा पहिला अंक, १९५५. त्यात भूत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस बसलाय, घाबरलेला, छळछावणीच्या आठवणींनी पछाडलेला. समोर काळ्या कपड्यांतला एक माणूस येऊन बसतो, आणि पहिल्याला तो ओळखीचा वाटतो. आपण गृहीत धरतो की घाबरलेला माणूस बळी आणि काळे कपडेवाला छळणारा. असतं उलटं. घाबरलेला हा छावणीचा प्रमुख होता. क्रिगस्टीनला सहा पानांची गोष्ट मिळाली होती, तो म्हणाला बारा द्या, शेवटी आठ मिळाली. मग त्याने काय केलं, मजकूर आधीच उतरवलेला तो पुठ्ठा अक्षरशः कात्रीने कापून नव्याने जुळवला आणि चौकटी उभ्या, अरुंद, फूटपट्टीएवढ्या केल्या. फलाटावरून पाय घसरतो तो क्षण तो चिरून चिरून दाखवतो. मग धावती गाडी, आणि खिडकीतला एकच चेहरा ओळीने चार-पाच वेळा, डोळ्यासमोरून गाडी जाताना दिसतो तसा फराटलेला. आठ पानांच्या भाड्याच्या कामात माणसाने वेळ कसा कापावा याचा तो धडा आहे. हिशेब इथेही चुकता होतो, पण कोट्या करायला म्हातारी येत नाही. क्रिगस्टीनचा स्वतंत्र काळा-पांढरा खंड निघालेला आहे, इंगल्सचाही आणि क्रेगचाही. भाचा पुन्हा यायचा असेल तर लक्षात असू द्या. काळा-पांढराच मागवा, शाईची रेघ तिथे कळते.

वहिनींचं म्हणणं मी मनावर घेतलेलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका. "मढ्यांची चित्रं" हे त्यांच्या आधी अमेरिकेच्या सिनेटने म्हणून झालंय. २१ एप्रिल १९५४ला न्यूयॉर्कमध्ये सुनावणी होती. गेन्स आपणहून साक्षीला गेला. सिनेटर केफॉवर यांनी एका अंकाचं मुखपृष्ठ उंच धरलं, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं, चित्रकार आपला इस्त्रीवाला क्रेग. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारलं. गेन्स म्हणाला, भयकॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे. डोकं जरा वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर वाईट अभिरुची झाली असती. माणूस प्रामाणिक होता, पण असलं उत्तर द्यायची ती जागा नव्हती. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. नावात भय आणि दहशत हे शब्द नकोत, चालती मढी नकोत, रक्तपिपासू नकोत. १९५५ उजाडता उजाडता तिन्ही सूत्रधार बेकार झाले. अखेर गेन्सकडे 'मॅड' हे विनोदी मासिक तेवढं उरलं, आणि ते पुढे त्याला पुरून उरलं.

त्या दिवशी विरुद्ध बाजूने बोललेले डॉक्टर फ्रेड्रिक वर्थम यांना कॉमिक्सवाले खलनायक ठरवतात. मला ते पटत नाही. हार्लेममध्ये चर्चच्या तळघरात गरीब काळ्या वस्तीसाठी पंचवीस सेंटमध्ये मनोपचाराचा दवाखाना चालवणारा हा माणूस. काळजी खरी होती. पुरावा मात्र खरा नव्हता. त्यांचे कागद पुढे अभ्यासकांसाठी खुले झाले, तेव्हा कॅरल टिली या प्राध्यापिकेने २०१२ साली दाखवून दिलं की मुलांच्या जबान्या त्यांनी हव्या तशा कापल्या-जोडल्या होत्या.

यावरून तुमच्या मुलीकडे येते.

१९५४च्याच सप्टेंबरात ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीतली शेकडो पोरं संध्याकाळी चाकू-काठ्या घेऊन कब्रस्तानात शिरली. लोखंडी दातांचा सात फुटी पिशाच्च शोधायला, त्याने म्हणे दोन मुलं खाल्ली होती. कुणाचंही मूल हरवलेलं नव्हतं. खापर अमेरिकी कॉमिक्सवर फुटलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये कायदाही झाला. लोखंडी दातवाल्या पिशाच्चाची एक गोष्ट एका अमेरिकी कॉमिकमध्ये होती खरी, पण पोरांनी ती वाचली होती असं कुणाला दाखवता आलं नाही. दोन मुलं खाल्ल्याचं तर पोरांनी स्वतःच घडवलं होतं. सांगायचं काय, की तुम्ही पुस्तक कपाटात कुलूपबंद केलंत तर तिच्या डोक्यात त्याहून भयंकर पुस्तक तयार होईल.

तरी हा खंड सहावीतल्या मुलीच्या हातात आत्ताच देऊ नका. मढ्यांमुळे नव्हे. या गोष्टींत नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना ज्या सहजपणे मारतात, ते तिला अजून दोन-तीन वर्षं विनोद म्हणून कळणार नाही, आणि इंगल्सचे चेहरे झोपताना आठवतात. तिला तसं स्पष्ट सांगा. पुस्तक वरच्या फळीवर उघड ठेवा, तारीख ठरवून द्या, आठवीची परीक्षा झाली की. तोवर भाच्याला सांगून 'जजमेंट डे' ही एक गोष्ट मिळवा आणि तिच्याबरोबर बसून वाचा. याच प्रकाशकाची, १९५३ची, भय नसलेली. पृथ्वीवरचा एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रं आणि निळी यंत्रं, आतून तंतोतंत एक, पण निळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, काम हलकं. तो म्हणतो, ग्रहांच्या संघात यायला तुम्ही अजून तयार नाही. शेवटच्या चित्रात तो यानात शिरस्त्राण काढतो. त्या चौकटीवर आधी हात ठेवा आणि तिला विचारा, कसा दिसत असेल? मग हात काढा. माणूस काळा आहे, कपाळावर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे. १९५६मध्ये गेन्सने ही गोष्ट पुन्हा छापायला घेतली तेव्हा आचारसंहितेच्या कार्यालयाने आधी म्हटलं तो काळा नको, मग म्हटलं निदान घाम तरी नको. गेन्सने घामासकट छापली.

राहिला भाचा. त्याला "छान आहे" म्हणू नका, तो ओळखेल. आज रात्री मधली सगळी पानं उलटून सरळ १२व्या अंकावर जाऊ नका, मधल्या गोष्टी आठवड्याला एक या हिशेबानेच होऊ द्यात. तिथे पोचाल तेव्हा पावसाळा सुरू झालेला असेल. मग त्याचा फोन आला की एवढंच म्हणा, "अरे, तो कुत्रीवाला म्हातारा वाचला." पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

— बाई